चामड्याची झडप

आमच्या मेडशीच्या विहिरीवरच्या पंपाला चामडं चालत नसे. पंपाला म्हणजे माझ्या बापाला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी लोखंडी टोपलीसारखा एक फुटवॉल असतो आणि त्याच्या आत एक लहानशी झडप असते. इंजिन पाणी ओढू लागलं की झडप उचलते, इंजिन थांबलं की खाली बसते आणि पाइपात चढलेलं पाणी परत विहिरीत पडू देत नाही. दुकानातून येताना ही झडप चामड्याची येते. चामडं भिजून फुगतं आणि तोंड घट्ट धरून बसतं, म्हणून पंचक्रोशीत सगळे तेच वापरायचे. माझा बा मात्र नवा फुटवॉल घरी आणला की आधी ते चामडं पकडीनं उपटून फेकायचा आणि त्या जागी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवायचा.

रबर काही चामड्यासारखं बसत नाही. रात्रभर पाणी थेंबाथेंबानं गळून जायचं, पाइप रिकामा व्हायचा आणि सकाळी इंजिन नुसतंच भकभक करायचं. मग पंपाचं तोंड उघडून वरून बादल्या ओतायच्या, पाइप भरला की इंजिनाला पुन्हा हँडल मारायचं. बादल्या ओतायचं काम माझ्याकडे होतं. मी ओतता ओतता बाला चार गोष्टी सुनवायची, कारण गप्प राहून काम करणं मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आजही जमत नाही.

रबराचं कारण गावाला ठाऊक होतं. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीनं एकमतानं सोडलं. त्या दिवशी बानं ढोर सोलायची सुरी नाल्याच्या डोहात फेकली. बाकीच्यांनी तिथंच विषय संपवला, बानं नाही संपवला. मेल्या जनावराचं काहीही घरात नको, असं त्यानं ठरवलं. मोटेचं जुनं कातडं विकलं असतं तर दोन पैसे आले असते, त्यानं ते जाळलं. पायात टायरच्या चपला आल्या. वाशीमजवळच्या आमच्या मालेगावचा दुकानदार एकदा हसून म्हणाला होता, "अरे, चामड्याचं काम तर तुमच्या घरचं. अन् तूच चामड्याले भेऊन राह्यला?" बा म्हणाला, "घरचं होतं. आता नाही." आणि फुटवॉल खांद्यावर टाकून चालू लागला. मी बरोबर होते. त्या दिवशी बादल्या ओतताना मी तोंड बंद ठेवलं, तेवढा एकच दिवस.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे माझ्याच काळजात कोणती झडप बसवायची हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यात बाचा पंप मध्ये आला.

आणीबाणी उठून गेली होती. मी मालेगावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नवरा एसटीत कंडक्टर होता. लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. चालताना दम लागायचा, छातीत दाब यायचा, पण मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला न्यायचा असं मी मनात घेतलं होतं. पोरींना पाठलाग कसा करतात ते दाखवायला एकदा पदर खोचून धावले आणि खांबापाशी पोचायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा शेजारपाजारच्या बाया माझ्याकडे पाहून गालात हसत होत्या. नव्या नवरीला चक्कर आली म्हणजे गोड बातमीच, असा आमच्याकडे हिशेब असतो. एकीनं तर चिंचेचं बुटुक आणून हातात ठेवलं. मी ते खाल्लंही, कारण क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की काय सांगू.

वाशीमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" आला होता. त्या तापात मी पाऊस संपेपर्यंत झोपून होते. डॉक्टर म्हणाले, "त्या तापानं काळजातली झडप खाल्ली आहे. काळजातून अंगभर रक्त जातं, त्या दाराची झडप. ती आता उघडत नाही. फट राहिली आहे, तेवढ्यातून रक्त जातंय. म्हणून चक्कर." दिवस गेलेले नव्हते, आणि अशा काळजावर जाऊही द्यायचे नव्हते. झडप बदलली नाही तर फार वर्षं हाती नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. गोळी देऊन भागण्यातलं ते नव्हतं. त्यांनी अकोल्याला पाठवलं, अकोल्यानं मुंबईला.

मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात माझी केस एका डॉक्टरीणबाईंकडे आली. त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. बोलणं तुटक, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या, आणि मला तर प्रश्नांशिवाय काही सुचत नाही. तपासण्या झाल्यावर त्यांनी मला आणि नवऱ्याला खोलीत बोलावलं, कपाटातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातली एक."

पहिली होती धातूची. बांगडीच्या आकाराची लहान कडी, भोवती कापडाची पट्टी शिवलेली, आणि कडीच्या मध्ये एक काळी चकती. बाईंनी बोटानं ढकलली की चकती तिरपी होऊन उघडायची, सोडली की टक्कन बसायची. दुसरी काचेच्या बरणीत, कसल्याशा पाण्यात बुडवलेली होती. तीन पातळ पाकळ्या एका चौकटीत ताणून बसवलेल्या, घट्ट सायीच्या रंगाच्या. तिला आवाज नव्हता.

"ही धातूची टिकते," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हाताऱ्या व्हाल तोवरही टिकेल. पण रक्ताला धातू परका वाटतो, त्यावर ते गोठायला बघतं. गुठळी झाली तर झडप अडकेल, नाहीतर गुठळी मेंदूत जाईल. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यामुळे रक्त पुन्हा पुन्हा तपासत राहायचं. तुमच्या गावात ते तपासतात?"

मालेगावात तेव्हा खोकल्याचं औषध मिळालं तरी नशीब. अकोल्याला जावं लागलं असतं. पण नवरा कंडक्टर, गाडीला तोटा नव्हता. मी म्हटलं, जमवू.

"दुसरी गोष्ट," बाई म्हणाल्या आणि किंचित थांबल्या. "ही गोळी चालू असताना दिवस जाणं धोक्याचं. बाळात व्यंग येऊ शकतं, मूल पडू शकतं, बाळंतपणात आईचं रक्त थांबत नाही. मी तरी तुम्हाला मूल होऊ द्या असं सांगणार नाही."

"अन् ही?" मी बरणीकडे बोट केलं.

"हिला ती गोळी फार तर सुरुवातीचे काही महिने. मग नाही. मूल होऊ शकतं, देखरेखीखाली. पण ही झिजते, कडक होते. तरुण अंगात लवकर. दहा वर्षं धरा, कमीही मिळतील. प्रकार नवा आहे, पुढचं कोणालाच पक्कं माहीत नाही, मलाही नाही. ती गेली की छाती पुन्हा उघडायची, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड असतं." मग नवऱ्यानं न विचारलेलं त्यांनीच सांगून टाकलं, "ही डुकराची आहे. डुकराच्या काळजातली झडप, औषधात मुरवून निर्धोक केलेली."

नवऱ्यानं मुळीच वेळ घेतला नाही. "लोखंडाचीच बसवा," तो म्हणाला. "लेकरू नसलं तर नसलं. मले काही नाही त्याचं." असं म्हणून माझ्याकडे मायेनं पाहिलंही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, "मले इचारलं का तुमी?"

"अवो बाई, तुमच्यासाठीच तर म्हणून राह्यलो." मी शाळेत बाई, म्हणून घरीही तो मला बाईच म्हणायचा.

"हाव. सगळेच माह्यासाठी म्हणून राह्यले. पण सोडाचं ते तर माह्या पोटचं हाये."

तो स्वभावानं गरीब माणूस. भांडण आलं की खिशातून तिकिटाचा पंच काढायचा आणि उगाच टकटक करत बसायचा. त्याची रजा संपली होती, वाटेत मेडशीला बाला सांगून कामावर जायचं म्हणून तो निघून गेला. आणि मी वॉर्डात माझ्या पलंगावर बसून राहिले.

शेजारच्या पलंगावर सोलापूरकडची एक बाई होती, घरी माग चालवणारी. तिची धातूची झडप बसून बराच काळ झाला होता, नाकातून रक्त थांबेना म्हणून पुन्हा आणली होती. दुपारी वॉर्ड शांत झाला की तिच्या छातीतून टिक टिक ऐकू यायचं, खरंच, हातभरावरून. पहिल्यांदा मी तिच्या उशाशी घड्याळ शोधलं. ती हसून म्हणाली, "आता घड्याळ घ्यायाचं काम न्हाई बगा आमच्या घरात. ल्योक म्हणतो, आई, तू बंद पडलीस की मला लगेच कळंल."

मी तिला खोदून खोदून विचारलं. गोळीचं काय, रक्त तपासायचं काय, काम करता येतं का. तिनं दंडावरचे निळे डाग दाखवले, नुसतं मागाला घासलं तरी उठायचे. दाढ काढली तेव्हा दिवसभर रक्त थुंकत होती. पण तिची तक्रार नव्हती. "मला तीन पोरं हायती," ती म्हणाली. "मला आता फकस्त जगायचंय. त्येला हीच बरी. पुन्यांदा छाती फाडून घ्यायाची माझ्यात ताकद न्हाई. तुजं येगळं हाय का न्हाई, त्ये तुजं तू बघ."

इतके दिवस सगळे मला कोणती झडप चांगली ते सांगत होते. ती बाई एकटी म्हणाली की तिला कोणती बरी, आणि बाकीचं माझ्यावर सोडलं. मग मी माझं बघायला बसले. मला भीती वाटत होती, ती कशाला लपवू. एकदा छाती उघडायची हेच नको वाटत होतं, तिथं दोनदा. दुसऱ्यांदा वाचले नाही तर दहा वर्षांचं मूल आईवाचून राहील, हाही हिशेब मी केला. आणि तरी मला मूल हवं होतं. लोक म्हणतील म्हणून नव्हे, सासूला नातू पाहिजे म्हणून नव्हे. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची शेंबडी नाकं पुसून संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढताना मला ते हवं वाटायचं. चक्कर येऊन पडले आणि कोणीतरी हातात चिंच ठेवली, तेव्हा जे वाटलं होतं ते मला पुन्हा हवं होतं. दोन दिवसांत माझं ठरलं. एक घाव दोन तुकडे. झडप बरणीतली.

आणि तिसऱ्या दिवशी बा आला.

आला म्हणजे फाटकावर अडकला. पहारेकऱ्यानं त्याच्या पिशवीत हात घातला तर आत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि त्याखाली गंजलेलं एक जड लोखंड. पहारेकऱ्याला वाटलं, हा कोणाचं तरी डोकं फोडायला आला आहे. खाली बोलाबोली वाढली तेव्हा निरोप वर आला आणि मी जिना सावकाश उतरून गेले. बा फुटवॉल छातीशी धरून उभा होता आणि हिंदीत सांगत होता, "ये हथियार नहीं, ये वॉल है. डागदरनी को दिखाने का है."

"बा, हे काहून आणलं?"

"तुह्या नवऱ्यानं सांगतलं, झडप बसवाची हाये. मले झडप समजते."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आलं. मेडशीहून एसटी, अकोल्याहून आगगाडी, जनरलच्या डब्यात उभ्यानं, आणि पिशवीत फुटवॉल.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. त्यानं फुटवॉल त्यांच्या टेबलावर ठेवला. त्याच्या आतलं रबर बोटानं उचलून दाखवलं आणि म्हणाला, "हे पाह्य माय. आमी याले रबर बसवतो. पोरीले असं रबराचं नाही बसवता येत का? लोखंडाचं म्हणतात तर लेकरू होत नाही, अन् दुसरं म्हणतात तर डुकराचं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रबर स्वतः दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबा, पाण्याला चालतं ते रक्ताला चालत नाही. रबरावरही रक्त गोठतं, आणि काळजाच्या कामात ते टिकतही नाही. पंप तुम्ही रात्री बंद करता. काळीज बंद करता येत नाही. सध्या आमच्याकडे या दोनच आहेत." त्यांनी दोन्ही झडपा त्याच्यापुढे ठेवल्या. धातूची बानं तळहातावर घेतली, चकती उघडून मिटून पाहिली, उजेडाकडे धरली. पसंत पडली, चेहऱ्यावर दिसलं. बरणी पुढे सरकवली तेव्हा मात्र त्यानं दोन्ही हात मागे घेतले.

"मेल्याचं हाये?" त्यानं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

तो उठला. फुटवॉल उचलला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लोखंडाची बसव. एक बार चिरलं की झालं. लेकराचं मंग पाहू, कोणाचं तरी मांडीवर घेऊ. सर सलामत तो पगडी पचास."

"मले माहं पाह्यजे."

"अन् दुसऱ्या बारीले तू मेली तं?"

"तं मरीन. पण पयले जगून घेईन."

"तुह्या छातीत मेल्याचं घालाले मी सुरी फेकली का?" त्याचा आवाज चढला. वॉर्डबॉय वळून पाहू लागला. बा माझ्यावर कधी ओरडत नसे, त्यामुळे मला ओरडून उत्तर देता येईना. मी त्याच्या शेजारी बसले. फुटवॉल आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"बा, एक सांग. सुरी काहून फेकली होती? ढोर वंगाळ होतं म्हणून?"

"ढोर कायले वंगाळ राह्यते! ढोरानं काय केलं?" तो चिडूनच म्हणाला. "पाटलाच्या घरून हाक ये. जेवत असलो तं ताटावरून उठा लागे. तुही माय तापानं फणफणून राह्यली होती, तवाबी हाक आली. नाही म्हणता ये नाही. कोणी इचारेच नाही की तुले हे काम कराचं हाये का नाही. म्हणून फेकली."

"मंग मलेबी कोणी इचारून नाही राह्यलं, बा. नवऱ्यानं नाही, अन् तूबी नाही. तुले नाही म्हणाचं होतं, तू नाही म्हणलं. मले हाव म्हणाचं हाये."

त्याच्यावर मात केली असं मला वाटलं नाही, आणि आज लिहितानाही तसं लिहिणार नाही. त्याला ते पटलं की नाही मला माहीत नाही. तो फुटवॉलच्या जाळीत बोटं घालून बराच वेळ बसून राहिला. माझ्या मनात आलं, हा आता उठेल आणि गाडी धरून निघून जाईल. तसं झालं तरी मी बरणीतलीच बसवणार होते, पण ऑपरेशनच्या दिवशी तो दाराशी नसता तर मी आतून अर्धी झाले असते.

शेवटी तो म्हणाला, "दुसऱ्या बारीले मी नसलो तं कोण येईन तुह्यासंग?"

"एकटी येईन."

"येशीन," तो म्हणाला. "तू येशीन बाप्पा. तुह्या जिभेले काही हाड हाये का." आणि पिशवीतून भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. "खाय. अंगात रक्त पाह्यजे."

कागदावर नवऱ्याची सही लागत होती. तो परत आला आणि पंच टकटक न करता त्यानं ती केली. मी हट्टानं त्याच्या सहीखाली माझीही केली. बाई म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटलं, असू द्या.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर छातीवरून बैलगाडी गेल्यासारखं वाटत होतं, आणि काचेपलीकडे बा उभा होता. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं त्याला सांगून ठेवलं होतं की हिची झडप वाजणार नाही, तेव्हा आवाज आला नाही म्हणून घाबरू नका. तो घाबरलाच. आत सोडल्याबरोबर माझ्या नाकापुढे बोट धरून त्यानं श्वास पाहिला. मी म्हटलं, "जित्ती हाये." तेव्हा कुठे तो खाली बसला.

काही महिन्यांनी मालेगावच्या स्टँडवर एसटीत चढताना माझ्या ध्यानात आलं, की मी पायऱ्यांवर दम घ्यायला थांबले नव्हते. मागे वळून पुन्हा उतरले आणि पुन्हा चढले. कंडक्टर ओळखीचा होता, तो म्हणाला, "वहिनी, काही राह्यलं का?" मी म्हटलं, काही नाही राह्यलं.

गोळी बंद होऊन बराच काळ गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. नंतर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मला मुलगी झाली. बाळंतपणात सगळ्यांचे चेहरे ताणलेले होते, माझा सोडून. मी कण्हत होते आणि मधूनच हसत होते, नर्सला वाटलं मला भ्रम झाला आहे. सासूनं मुलगी म्हणून तोंड जरा वाकडं केलं, पण मांडीवर घेतल्यावर ते सरळ झालं.

झडपेनं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं केलं, ना जास्त ना कमी. मुलगी शाळेत गुणाकार शिकत होती तेव्हा मला पुन्हा जिन्यावर दम लागू लागला. दुसऱ्या खेपेला मी धातूची निवडली. आता मला सोलापूरच्या त्या बाईसारखं फक्त जगायचं होतं, आणि त्याला तीच बरी. ती अजून वाजते आहे. बा तेव्हा नव्हता. बोलले होते म्हणून गाडीत एकटीच चढले. नवरा पुढच्या स्टेशनावर दुसऱ्या डब्यातून येऊन शेजारी बसला, तो भाग वेगळा.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, मुलगी रांगायला लागली त्या उन्हाळ्याचं. मी तिला घेऊन मेडशीला गेले होते. सकाळी मळ्यात गेलो तर इंजिन भकभक करत होतं आणि पाणी येत नव्हतं. रबर पुन्हा गळलं होतं. बा आता म्हातारा झाला होता, तरी विहिरीच्या काठावर वाकून पंपात बादल्या ओतत होता. मी पोरीला बाजेवर ठेवलं आणि त्याच्या हातातली बादली घेतली. लहानपणी घ्यायची तशीच, आणि तोंडही तसंच सुरू झालं.

"बा, आता तरी चामड्याचं बसव. माह्या छातीत चालून राह्यलं, तुह्या पंपात काहून नाही चालत?"

त्यानं पंपाचं झाकण आवळलं, हात धोतराला पुसले आणि बाजेवरून नातीला उचललं. तिनं त्याच्या मिशा धरल्या. तो तिला घेऊन इंजिनाकडे जाता जाता म्हणाला, "पंप माहा हाये. काळीज तुहं होतं."